परीक्षेचा काटा
(कुंडल येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. हेच रानडे १८५९ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झाले होते. म्हणजे सार्वजनिक परीक्षा आणि सार्वजनिक व्याख्यान या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच पिढीने रुजविल्या. परीक्षा निवडून आत घेते. व्याख्यानाला कोणीही येऊन बसावे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमच्यापैकी अनेकांची शाळा सातवी-आठवीत सुटली, आणि पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि अशा मांडवातच झाले. म्हणून परीक्षेविषयी बोलण्याचा अधिकार आम्हाला आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्यांना परीक्षेने निवडले त्यांनी तिच्याविषयी पुष्कळ सांगितले आहे. जे तिच्या बाहेर राहिले त्यांनीही दोन शब्द सांगावेत.

आजचा विषय सर्व शाळांना, सर्व मुलांना एकाच प्रश्नपत्रिकेने मोजण्याचा आहे. शिक्षणखात्याच्या भाषेत तिला प्रमाणित चाचणी म्हणतात. आपल्या मुलांच्या वाट्याला ती अनेक रूपांनी येते. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. नियतकालिक मूल्यांकन चाचणी आहे. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा आहेत. आणि त्यापुढे वैद्यकीयसाठी 'नीट', अभियांत्रिकीसाठी 'सीईटी'. लहान वयापासून अठराव्या वर्षापर्यंत मूल काट्यावर चढते आणि उतरते.

काटा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. हा उसाचा मुलूख आहे. भरलेली गाडी काट्यावर जाते, मग रिकामी गाडी जाते, आणि त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीवर वर्षाची मेहनत ठरते. काटा खरा असला तर लहान शेतकरी आणि बडा बागाईतदार यांचा टनाला एकच भाव लागतो. काटा खोटा असला तर मरण लहानाचेच. देशात १९५६ साली प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला. त्यापूर्वी गावोगावचे शेर आणि पायल्या वेगवेगळ्या असत, आणि ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती नफा असे. सर्वांना एकच माप मिळावे, ही गरिबाचीच मागणी होती. आम्ही परीक्षेकडे प्रथम या नजरेने पाहतो.

म्हणून आधी तिचे उपकार सांगू.

परीक्षा नव्हती तेव्हा काय होते? जन्म होता आणि वशिला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीने मिळत. १८५३ च्या कायद्याने त्या स्पर्धेला खुल्या झाल्या आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली स्पर्धापरीक्षा झाली. परीक्षा लंडनला ठेवून हिंदी माणसाची वाट पुष्कळच अडविलेली होती. तरी १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर तिच्यातून पार पडलेच. शिफारशीच्या राज्यात ते घडले नसते. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. तपासणाराला आडनाव दिसत नाही, गाव दिसत नाही, बापाचा धंदा दिसत नाही. हजारो वर्षे ज्यांना आडनावानेच ओळखले गेले, त्यांच्या मुलांना या कोऱ्या क्रमांकाची किंमत विचारून पाहावी.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिष्यवृत्ती परीक्षेला जे स्थान आहे, तेही याच कारणाने. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता यांवरचे प्रश्न कुंडलच्या मुलाला तेच, पुण्याच्या मुलाला तेच. यादीत खेड्यातल्या मुलीचे नाव वर लागले म्हणजे त्या शाळेला जो हुरूप येतो, तो कोणत्याही परिपत्रकाने येत नाही. या मुलांसाठी सकाळी लवकर आणि सायंकाळी उशिरापर्यंत फुकट तास घेणारे गुरुजी या भागात होते व आहेत, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

काटा काढून टाकला म्हणजे काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२१ साली करोनाच्या साथीमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली. शाळांनी आपल्याच दप्तरावरून गुण दिले आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. मुले आनंदली; त्यांचा दोष काहीच नव्हता. परंतु पुढे अकरावीत कोणाला कोठे घ्यायचे हे त्या गुणांवरून ठरेना. सरकारने वेगळी सामाईक परीक्षा जाहीर केली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. सर्वांचीच गाडी सारख्या वजनाची भरली, तर काट्यावरची चिठ्ठी कोणाच्याच कामाची राहत नाही.

आणखी एक उपकार आहे, आणि तो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. चाचणी सरकारला आरसा दाखविते. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. तिचे कार्यकर्ते खेड्यांत घरोघर जाऊन मुलाला एक परिच्छेद वाचायला देतात, एक भागाकार घालतात. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो? २०१८ साली ५०.५ टक्के, शाळा बंद राहिल्यावर २०२२ साली ४२.८ टक्के, आणि २०२४ साली ४८.८ टक्के. म्हणजे शंभरातली निम्म्याहून अधिक मुले पाचवीत बसतात आणि दुसरीचे वाचू शकत नाहीत. ही मुले मुख्यतः शेतमजुरांची, कंत्राटी कामगारांची, लहान शेतकऱ्यांची आहेत. मोजणीच नसती तर वर्गोन्नतीच्या यादीत ही सारी मुले 'उत्तीर्ण' म्हणून सुखाने नांदली असती. या पाहणीने एकाही मुलाला नापास केले नाही, एकाचीही वाट अडविली नाही. तरी खरे काय ते सांगितले. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे याचा उपयोग होणार आहे.

आता दुसरी बाजू.

कारखान्यात मोजमाप आले तेव्हा कामगाराने ते कसे पाहिले, हे आम्ही जवळून जाणतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या इंजिनियरने हातात घड्याळ घेऊन कामगाराची प्रत्येक हालचाल मोजली. पुढे ते घड्याळ जगभर गेले. मोजणे वाईट नव्हते. किती काम होते हे ठाऊक असल्यावाचून पगाराचा करार तरी कसा करणार? परंतु घड्याळ एका बाजूच्या हातात राहिले, आणि मोजून झाल्यावर त्याच आकड्याने मजुरी कापली जाऊ लागली, तेव्हा झगडा उभा राहिला. तुकड्यावर मजुरी बांधली की नग वाढतात, हे खरे. त्याचबरोबर माल खराब होतो, यंत्राची निगा राहत नाही, आणि जाणता कारागीर नवशिक्याला शिकवायला थांबत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून कोणतेही मोजमाप समोर आले की आमची संघटना तीन प्रश्न विचारते : मोजता काय, मोजतो कोण, आणि मोजून झाल्यावर करता काय? हेच तीन प्रश्न परीक्षेला विचारू.

पहिला प्रश्न, मोजता काय? लेथवर फिरविलेल्या शाफ्टला गेज लावले की व्यास बरोबर आहे की नाही ते कळते. पोलाद कसले आहे ते गेज सांगत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. चार पर्यायांतून एक गोल काळा करण्याच्या चाचणीत पाठांतर, चलाखी व वेग यांचे माप निघते. मुलाला चार ओळींचा अर्ज लिहिता येतो काय, सभेत उभे राहून शंका विचारता येते काय, दुसऱ्या मुलाला समजावून सांगता येते काय, बिघडलेला पंप उघडून दोष शोधता येतो काय, हे त्यात मावत नाही. न मावणे हा दोष नव्हे. परंतु जे मोजले जाते तेच शिकविले जाते, आणि जे मोजले जात नाही ते हळूहळू वेळापत्रकातून गळते, हा मात्र दोष आहे. चित्रकला, शेतकाम, हस्तव्यवसाय, गाणे यांचे तास सरावपरीक्षांनी खाल्ले, हे आपण आपल्या घरातल्या मुलांना विचारले तरी कळेल.

शिवाय तो काटा नेहमी स्थिर असतो असेही नाही. दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो एकदम ७७.१० टक्क्यांवर आला, आणि २०२० साली ९५.३० टक्क्यांवर गेला. महाराष्ट्राची मुले एका वर्षात मंद झाली आणि दुसऱ्या वर्षात हुशार झाली काय? तसे काही नव्हे. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे यांना शाळेकडून मिळणारे २० गुण काढून टाकले होते. दुसऱ्या मंडळांच्या मुलांना तसे गुण मिळत होतेच. त्यामुळे अकरावीच्या दारात आपली मुले मागे पडली. ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरही झाला नाही. एकाच बाजारात दोन काटे ठेवले, आणि त्यांतला एक दरवर्षी हलविला, तर वजनाच्या चिठ्ठीवर मुलाचे नशीब बांधणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार व्हावा.

दुसरा प्रश्न, मोजतो कोण? जो रोज मुलाला पाहतो त्या शिक्षकाचा या मोजणीत शब्द किती? प्रश्नपत्रिका वरून येते, वेळ वरून येते, आणि गुरुजीच्या वाट्याला गुण ऑनलाइन भरण्याचे काम येते. शिकविण्याचा वेळ मोजण्यात जातो. उसाच्या फडात माणसे तोडणीला कमी आणि वजन करायला जास्त उभी केली, तर हंगाम कसा संपेल?

आणि शिक्षकाची भाकरीच निकालाला बांधली म्हणजे काय होते, याचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्याने नियम केला की, तपासनीस येऊन मुलांचे वाचन, लेखन आणि अंकगणित पाहील, आणि त्यावर शाळेचे अनुदान ठरेल. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते. या रीतीने शिक्षण यांत्रिक होते, असे ते आपल्या अहवालांतून सांगत राहिले. सुमारे तीस वर्षांनी ती रीत मोडीत निघाली. तशीच अनुदानाची रीत आपल्या मुंबई इलाख्यातही आली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. जोतीरावांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, म्हणजे ते आपल्याच मुलखाचे. त्यांनी त्या निवेदनात स्पष्ट मांडले की, ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही, त्यांच्यासाठी निकालावर पैसे देण्याची रीत उपयोगाची नाही. अशा वस्तीत शाळा काढून कोणा शिक्षकाचे पोट भरणार नाही. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयीही त्यांचे एक मत आहे. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे वरकरणी न्यायाचे असले तरी त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या, ज्यांच्यात शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यासाठी राखाव्यात. आज आम्ही जे तासभर सांगत आहोत ते जोतीरावांनी दोन वाक्यांत सांगून ठेवले आहे.

हा धडा अमेरिकेने एकविसाव्या शतकात पुन्हा गिरविला. तेथे २००२ पासून शाळांची पत सरकारी चाचण्यांच्या गुणांवर ठरू लागली. अटलांटा शहरात गुण झपाट्याने वाढले, वाहवा झाली. आणि २०११ साली सरकारी चौकशीत ४४ शाळांतून १७८ शिक्षक व अधिकारी गैरप्रकारांत गुंतल्याचे निघाले. मुलांची चुकलेली उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरलेली होती. २०१५ साली अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. ही माणसे जन्मतः लबाड होती असे आम्ही मानत नाही. तुकड्यावर मजुरी लावली की खोटा नगही मोजला जातो. कारखान्यात काय आणि शाळेत काय.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : मोजून झाल्यावर करता काय?

ओतशाळेत एखादे कास्टिंग फुटले तर जाणता कारागीर कास्टिंगला शिव्या देत बसत नाही. तो वाळू पाहतो, साचा पाहतो, धातू किती तापला होता ते विचारतो. शाळेत मात्र आपण उलटे करतो. मूल काट्यावर हलके भरले की मुलालाच बाजूला टाकतो. त्याच्या वर्गावर वर्षभर पुरता शिक्षक होता काय, एकाच गुरुजीकडे चार इयत्ता होत्या काय, घरात त्याला बसायला दिवा आणि जागा होती काय, हे विचारण्याची जबाबदारी कोणावरच नाही.

बुद्धिमापनाची पहिली चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी तयार केली. तिचा हेतू काय होता? शाळेत मागे पडणारी मुले वेळीच ओळखावीत आणि त्यांना जास्त शिकवावे. मुलाची बुद्धी कायमची ठरून गेलेली असते, हे बिने मानत नव्हते. पण त्यांची चाचणी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि तेथे माणसांची प्रतवारी लावण्याच्या कामी आली. अवजार तेच राहिले; धरणारा हात बदलला आणि त्याचे काम बदलले.

आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. दिवाळीनंतर बीड आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड कामगार सातारा-सांगलीच्या फडांत येतात. बरोबर त्यांची मुले असतात. शिष्यवृत्ती परीक्षा गेली कित्येक वर्षे फेब्रुवारीच्या सुमारास होत आली. दहावी-बारावीचे पेपरही फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे काटा ज्या दिवशी लागतो, त्या दिवशी हे मूल आपल्या शिवारात, आईबापाने तोडलेल्या उसाच्या मोळ्या उचलत असते किंवा कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत असते. हंगामी वसतिगृहे आहेत. जेथे ती नीट चालतात तेथे मूल गावी राहू शकते. जेथे चालत नाहीत तेथे शाळेच्या पटावर नाव राहते आणि मूल फडात. त्याला प्रश्नपत्रिका सर्वांसारखीच आहे, म्हणून न्याय झाला, असे म्हणणे म्हणजे रिकाम्या गाडीला काट्यावर चढवून 'काटा खरा आहे' असे सांगण्यासारखे आहे. काटा खराच आहे. गाडी भरू कोणी दिली नाही.

दुसरीकडे ज्यांच्याकडे पैसा आहे ते गाडी भरण्याचे काम विकत घेतात. 'नीट'ला २०२४ साली देशभरातून तेवीस लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा सुमारे एक लाख. एवढ्या अरुंद दारासमोर एवढी गर्दी लोटली की दारापाशी दुकाने मांडली जाणारच. खासगी शिकवणीची फी कंत्राटी कामगाराच्या वर्षाच्या कमाईला गिळून टाकते. आणि त्याच वर्षी त्या परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेरपरीक्षा सर्वांची झाली नाही, परंतु हजारीबाग आणि पाटणा येथे पेपर फुटल्याचे न्यायालयाने मान्य केले. एकाच दिवसावर, एकाच कागदावर आयुष्य लटकविले की त्या कागदाला काळ्या बाजारात भाव येतो.

हे ओझे घराघरांत कसे उतरते ते सांगताना जीभ जड होते. २०२५ साली आपल्याच जिल्ह्यात, सरावपरीक्षेत गुण कमी पडले यावरून घरात झालेल्या मारहाणीत एका मुलीचा जीव गेला. खरी परीक्षाही नव्हे, सराव. त्या घराविषयी आम्ही अधिक बोलणार नाही. ते काम न्यायालयाचे. परंतु ज्या समाजात गुण म्हणजेच मूल, अशी समजूत झाली आहे, त्या समाजातले आपण सर्वच आहोत, हे या मांडवात बसून आपण मान्य केले पाहिजे.

मग परीक्षा मोडूनच टाकाव्यात काय? आमच्यातली काही तरुण मंडळी तसे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. काटा मोडला तर पुन्हा वशिला येईल, देणगी येईल, गोड बोलणारा येईल. गरिबाच्या मुलाकडे दाखवायला तेवढाच एक कागद असतो. तो आम्ही हातचा जाऊ देणार नाही.

तर मग नापास होण्याची भीती वाढवावी काय? दुसरी मंडळी तसे म्हणतात. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई होती. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, नंतर पुनर्परीक्षा, आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात बसविणे असा नियम केला. हेतू चांगला असेल. पण पाचवीत दुसरीचे वाचता न येणाऱ्या मुलाला तोच शिक्षक, तेच पुस्तक आणि तीच रिकामी खुर्ची आणखी एक वर्ष दिली, तर वाचता कसे येईल? श्रीमंताचे मूल नापास झाले तर शिकवणी लावतात. मजुराचे मूल नापास झाले तर त्याला कामाला लावतात. भीती दोघांना सारखीच असते. शिक्षा सारखी नसते.

या मुलखाला तिसरी वाट ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचले नव्हते. त्यांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. मुलांची गाडी रिकामी का राहते, याचे उत्तर त्यांनी वसतिगृहात शोधले. सर्व जातींची मुले एका छपराखाली राहिली, आपल्या हाताने कमावून शिकली. त्यांनी परीक्षा टाळल्या नाहीत. रयतेची मुले परीक्षेला बसू शकतील अशी तयारी केली. पुणे विद्यापीठाने १९५९ साली या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी. लिट. ही पदवी दिली. ज्या गोष्टीसाठी दिली तिची प्रश्नपत्रिका कोणत्याही मंडळाने आजवर काढलेली नाही.

कामगार संघटनेला नुसती तक्रार करून भागत नाही. मागणीपत्र द्यावे लागते. आमचे मागणीपत्र असे आहे.

पहिली मागणी : आठवीपर्यंतच्या सामाईक चाचणीचा निकाल मुलाला रोखण्यासाठी वापरू नये, शाळेला देणे लागते ते ठरविण्यासाठी वापरावा. ज्या शाळेची मुले मागे, तिला जादा शिक्षक आणि जादा तास त्याच वर्षी मिळावेत. हलके वजन म्हणजे मदतीचा हक्क, असा अर्थ व्हावा.

दुसरी : राज्याला आपली प्रकृती जाणायची असेल तर नमुन्याची पाहणी पुरते. ताप पाहायला अंगातले सारे रक्त काढीत नाहीत. प्रत्येक मुलाला वारंवार काट्यावर चढवून शिक्षकाला कारकून करू नये.

तिसरी : शिष्यवृत्ती परीक्षा राहावी. २०१६-१७ साली ती चौथी-सातवीतून पाचवी-आठवीला नेली, आणि २०२५ साली पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. इयत्ता कोणतीही असो; स्थलांतर करणाऱ्या मुलाला तो असेल त्या तालुक्यात बसता यावे, आणि हंगाम संपल्यावर दुसरी तारीख मिळावी. जोतीरावांनी सांगितल्याप्रमाणे काही शिष्यवृत्त्या, जेथे शिक्षण पोचलेले नाही त्यांच्यासाठी वेगळ्या राखाव्यात.

चौथी : मुलांच्या गुणांवर शिक्षकाचा पगार वा बढती बांधू नये. कामाचा जाब विचारावा, जरूर विचारावा. पण प्रश्नपत्रिका ठरविण्यात वर्गावरच्या शिक्षकालाही जागा असावी.

पाचवी : जेथे जागा थोड्या आणि निवड अटळ आहे, तेथे एका दिवसावर सारे ठरू नये. वर्षातून एकाहून अधिक संधी असावी, शाळेतील अनेक वर्षांच्या कामालाही काही वजन असावे, आणि पेपर फुटला तर त्याचा भुर्दंड मुलांनी नव्हे, परीक्षा घेणाऱ्यांनी सोसावा.

यांपैकी पुष्कळ गोष्टी मुंबई-दिल्लीच्या हातात आहेत, हे खरे. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. किती गावांत या समितीची सभा खरोखर भरते? किती पालक तेथे वहीवर सही करून चहा पिऊन परततात? जून महिन्यात शाळा उघडेल. आपण समितीत जाऊन एवढेच विचारावे : आमच्या शाळेत वाचता न येणारी मुले किती, आणि त्यांच्यासाठी दिवाळीपर्यंत काय करणार? मुलांची नावे भिंतीवर लावू नका. आकडा सांगा, आणि उपाय सांगा. दिवाळीनंतर पुन्हा जाऊन तोच प्रश्न विचारावा, आणि त्या वेळी फडात आलेल्या परगावच्या मुलांनाही त्या आकड्यात धरावे. ती आपल्या मतदारयादीत नाहीत, पण आपला ऊस त्यांचे आईबाप तोडतात.

हे कुंडल आहे. १९४३ नंतरच्या काळात या परिसरात प्रतिसरकार उभे राहिले, आणि परक्या कचेरीवर विसंबून न राहता लोकांपुढे न्यायनिवाडे झाले. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांची नावे घेऊन आपण मिरवणुका काढतो. त्या न्यायाचे मर्म असे की, फिर्याद गरिबाची असली तरी ती चारचौघांत ऐकली जाई. आपल्या शाळेतल्या मागे पडलेल्या मुलाची फिर्याद आज कोणीच ऐकत नाही. त्याच्या हातात फक्त गुणपत्रिका दिली जाते. ती फिर्याद ऐकण्याचे काम व्यवस्थापन समितीने आणि आपण सर्वांनी करावे, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.